पार्श्वभूमी : बोटांना बांधलेला कीबोर्ड

सप्टेंबर २०२५च्या अखेरीस अमेरिकेत ७९९ डॉलरचा एक स्मार्ट चष्मा विक्रीला आला. त्याच्यासोबत मनगटाला बांधायची एक पट्टी मिळते. ती हाताच्या स्नायूंतले विद्युतसंकेत टिपते. अंगठा आणि तर्जनीची चिमूट केली की क्लिक होते, तर्जनीच्या कडेवरून अंगठा सरकवला की यादी पुढे जाते. हात कॅमेऱ्यासमोर धरून ठेवावा लागत नाही. अनेकांना हा प्रकार नवाकोरा वाटला, पण हाताला बांधायच्या इनपुट साधनांचा हा निदान चौथा प्रयत्न आहे. आधीचे प्रयत्न सेन्सर कच्चे होते म्हणून फसले, असे सांगायची रीत आहे. ते अर्धेच खरे. या क्षेत्रातले जुने भांडण वेगळ्याच प्रश्नावरून आहे: वापरणाऱ्याला काही नवे शिकायला लावायचे की नाही?

हाताच्या हालचाली संगणकाला कळवणाऱ्या हातमोज्यांचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो झटपट. १९७७ मध्ये शिकागोच्या एका विद्यापीठात लवचीक नळ्या लावलेला मोजा तयार झाला. नळीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा सेन्सर. बोट वाकले की पोचणारा प्रकाश कमी होई. १९८३ मध्ये हाताच्या खुणांची मुळाक्षरे ओळखणाऱ्या मोज्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. १९८७चा डेटाग्लोव्ह प्रकाशतंतूंचा होता आणि हजारो डॉलरचा. दोनच वर्षांनी त्या कल्पनेचे खेळणे झाले, पॉवर ग्लोव्ह, किंमत पाऊणशे डॉलरच्या आसपास. प्रकाशतंतू गेले, वाकल्यावर विद्युतरोध बदलणारी शाई आली, करंगळी वगळली गेली आणि उरलेल्या बोटांच्या वाकण्याच्या जेमतेम चार पायऱ्या राहिल्या. वर्षभरात त्याचे उत्पादन थांबले.

हे सगळे मोजे टेबलावरच्या संगणकाला किंवा टीव्हीला तारेने जोडलेले होते. चालता-फिरता वापरायच्या संगणकाची गरज निराळी होती. आभासी चेंडू पकडून तिथे काही साधणार नव्हते. तिथे अक्षरे उमटवायची होती, तीही कीबोर्ड ठेवायला टेबल नसताना.

त्यावरचा तोडगा मोज्यांच्या कितीतरी आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या एका तारयंत्राला पाच कळा होत्या, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या. त्या एक, दोन ते पाच अशा वेगवेगळ्या जोड्यांनी एकदम दाबायच्या. पाच कळांच्या अशा ३१ जोड्या होतात, म्हणजे रोमन लिपीची २६ अक्षरे बसून वर पाच उरतात. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्या प्रात्यक्षिकात माउस जगापुढे आला, त्यात उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पुन्हा पाच कळांचाच एक संच. माउस घरोघरी गेला. डाव्या हाताचे यंत्र संग्रहालयात गेले.

अनेक कळा एकदम दाबून एक अक्षर काढायच्या या पद्धतीला कॉर्ड म्हणतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावर चालणारे ट्विडलर बाजारात आले. तळव्यात मावणारे, पट्ट्याने हाताला बांधलेले. चार बोटांखाली तीन-तीन अशा १२ कळा, मागच्या बाजूला अंगठ्यासाठी शिफ्ट, कंट्रोल वगैरे. बोटे सैल सोडली तरी पट्ट्यामुळे यंत्र हातातच राहते, आणि हेच त्याचे खरे वैशिष्ट्य. बॉस्टनजवळच्या एका प्रयोगशाळेतली काही तरुण मंडळी अंगावर संगणक, एका डोळ्यापुढे इवलीशी स्क्रीन आणि हातात ट्विडलर अशा थाटात दिवसभर वावरत. त्यांच्यातल्या एकाने १९९३ पासून रोजच्या बोलण्या-ऐकण्याच्या नोंदी अशाच टिपायला सुरुवात केली. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता हात खाली ठेवून लिहिता येणे, ही सोय नेहमीचे संगणक देत नव्हते. ऑक्टोबर १९९७ मध्ये त्याच परिसरात अंगावरच्या संगणकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

जपानमध्ये तेव्हा वेगळी वाट चालू होती. १९९४च्या एका रचनेत बोटांत अंगठ्या घालायच्या आणि टेबलावर किंवा मांडीवर बोटे आपटायची. अंगठीतला सेन्सर हादरा ओळखे. १९९७च्या आवृत्तीत अंगठीचा संकेत तारेऐवजी शरीरातूनच पाठवला गेला. कल्पना इतकी नेटकी होती की आज विकल्या जाणाऱ्या पाच अंगठ्यांच्या साधनांकडे पाहताना तीच आठवते.

आता त्या दशकातल्या वादाकडे. मुद्दा वरकरणी क्षुल्लक आहे: ट्विडलरच्या कळांवर अक्षरे कशी वाटायची? कारखान्यातून येणारी मांडणी वर्णानुक्रमाची होती. ए ते एच ही आठ अक्षरे एकेका कळेवर. आय ते क्यू हवी असतील तर सोबत एक ठरावीक कळ धरायची, आर ते झेडसाठी दुसरी. इंग्रजी मजकुरात टी, ओ, आय, एन, एस, आर ही अक्षरे सतत लागतात, आणि नेमकी त्यांनाच दोन बोटे गुंततात. बी, एफ, जी यांच्या वाट्याला मात्र एकेक सोपी कळ, कारण काय, तर ती वर्णमालेत आधी येतात.

या मांडणीच्या बाजूने बोलायला मुद्दा आहे. कळांवर अक्षरे छापता येतात, रंगांनी गट दाखवता येतात, डब्यातून यंत्र काढल्याबरोबर माणूस आपले नाव लिहू शकतो. वारंवारता मोजून केलेली मांडणी नवख्याला कोड्यासारखी दिसते आणि त्या क्षणी यंत्र परत डब्यात जाते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की पहिला दिवस एकदाच येतो, वापर वर्षानुवर्षे चालतो. हे म्हणणाऱ्यांनी नुसती तक्रार केली नाही. पुढच्या काळात टॅबस्पेस, मिररवॉक अशा पर्यायी मांडण्या त्यांनी स्वतः रचल्या आणि एकमेकांत वाटल्या. संपूर्ण शब्द किंवा ‘आयएनजी’सारखे शेपूट एकाच दाबात काढायच्या जोड्याही होत्या. मला ही दुसरी बाजू पटते. शंभर माणसांनी एक दिवस वापरावे म्हणून दहा माणसांच्या दहा वर्षांवर भार टाकणे हा सौदा तोट्याचा आहे. अर्थात दहाच माणसे असली की कंपनी चालत नाही, हेही खरे.

२००४चा अटलांटातला एक अभ्यास दोन्ही बाजूंना सोयीचा ठरतो. त्यात ट्विडलरची तुलना तेव्हाच्या फोनवरच्या टायपिंगशी केली होती, म्हणजे एकाच बटणावर तीन अक्षरे आणि ‘सी’साठी तीनदा दाबणे. सुरुवातीला ट्विडलरवरचा वेग मिनिटाला जेमतेम चार शब्दांचा होता, फोनवरचा आठांचा. वीस-वीस मिनिटांच्या वीस बैठकींनंतर चित्र उलटले: ट्विडलर २६, फोन २०. जे पुढेही टिकले ते सुमारे २५ तासांच्या सरावानंतर सरासरी ४७ शब्दांवर पोचले आणि सर्वांत वेगवान माणूस ६७वर. हे सगळे त्याच बदनाम वर्णानुक्रमी मांडणीवर. म्हणजे मांडणीने वेगाला कायमचा खोडा घातला नाही, पण सुरुवातीचा अडसर सोपेपणाच्या मांडणीनेही हटला नाही.

४७ म्हणजे किती, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी इंग्रजीची अट मिनिटाला ४० शब्दांची आहे आणि ती गाठायला मुले सहा-सहा महिने टायपिंगचा क्लास लावतात. एका हाताने, न बघता, पंचवीस तासांत त्याच्या पुढे जाणे ही साधी गोष्ट नव्हे.

पण ते पंचवीस तास कोण देणार? २००७ नंतर टच स्क्रीनचे फोन आले आणि लोकांनी ते तास कोणी न सांगताच देऊन टाकले. २०१९ मध्ये ३७ हजारांहून अधिक लोकांचे फोनवरचे टायपिंग तपासणाऱ्या अभ्यासात सरासरी ३६ शब्दांची निघाली. यातली चटका लावणारी गोष्ट अशी की १९९३ पासून हातात ट्विडलर घेऊन फिरणारा तोच संशोधक २०१३ला लोकांच्या हाती पडलेल्या पहिल्या गाजलेल्या स्मार्ट चष्म्याच्या तांत्रिक चमूत अग्रस्थानी होता, आणि त्या चष्म्यासोबत हाताचे एकही साधन नव्हते. आवाज आणि चष्म्याच्या काडीवरची टचपट्टी, बस्स. चारचौघांत चष्म्याशी बोलायची वेळ आली की माणूस कसा अवघडतो, ते सगळ्यांनी पाहिले.

या काळात हाताला बांधायचे एक साधन मात्र गाजावाजा न करता चालत होते, अजून चालते आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पार्सलच्या गोदामांत कामगारांच्या बोटात बारकोड वाचणारी अंगठी आणि मनगटावर छोटा संगणक आला. दोन्ही हात खोके उचलायला मोकळे. पुढे म्युनिकच्या एका कंपनीने हाच स्कॅनर मोज्यावर आणला, तर्जनीच्या कडेला बटण असलेला. इथे शिकायचे काहीच नाही: रोखा आणि दाबा. शिवाय ते वापरायचे की नाही, हे वापरणारा ठरवत नाही. सर्वांत यशस्वी हातसाधनाचा हा इतिहास परिषदांमध्ये कमी का सांगितला जातो, याचे उत्तर बहुधा त्यातच आहे.

२००९ मध्ये पवईच्या आयआयटीत शिकलेल्या एका तरुणाचे प्रात्यक्षिक जगभर पाहिले गेले. बोटांच्या टोकांवर रंगीत टोप्या, गळ्यात कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर. बोटांची चौकट केली की फोटो निघे, तळहातावर फोनची बटणे उमटत. सोपेपणाच्या बाजूने यापेक्षा मोठी जाहिरात झाली नाही. पण त्यातून दुकानात ठेवण्याजोगी वस्तू निघाली नाही. २०१४ साल अंगठ्यांचे. टोकियोच्या एका कंपनीने लोकवर्गणीतून जवळपास नऊ लाख डॉलर उभे केले, अंगठी हाती पडल्यावर समीक्षकांनी तिची साले काढली. कोचीच्या काही तरुणांनी अंगठ्यात घालायची अंगठी मांडली. तिचा दावा होता की अंगठ्याने बोटांच्या वेगवेगळ्या पेरांना स्पर्श केला की प्रत्येक पेर स्वतंत्र बटण होईल. पेरांवर हिशेब आणि जप मोजणाऱ्या देशात ही कल्पना सुचावी हे ओघानेच आले. प्रत्यक्षातले साधन त्या दाव्यापेक्षा बरेच साधे निघाले, नावही बदलले.

आजच्या मनगटपट्टीची थेट वंशावळ मात्र कॅनडाच्या एका बाजूबंदापर्यंत जाते. २०१३ मध्ये १४९ डॉलरला त्याची आगाऊ नोंदणी सुरू झाली. कोपराखाली चढवायचे आठ स्नायू-सेन्सर. मोजक्या पाच हावभावांपलीकडे त्याची झेप नव्हती. २०१८ मध्ये विक्री थांबली, २०१९ मध्ये त्याची पेटंटे न्यूयॉर्कच्या एका नवउद्योगाकडे गेली आणि त्याच वर्षी त्या नवउद्योगालाच समाजमाध्यमातल्या एका बड्या कंपनीने विकत घेतले. जुलै २०२५ मध्ये त्या कामाचा शोधनिबंध आला. हजारो लोकांच्या मनगटांवरून घेतलेल्या नोंदींवर शिकवलेली प्रणाली, जी नव्या माणसाच्या हाताला वेगळी न जुळवताही चालते. हे मोठेच काम आहे. मांडीवर बोटाने अक्षरे गिरवून लिहिण्याचा वेग मिनिटाला २०.९ शब्द. नवे काही न शिकवण्याची ही किंमत. २००४च्या कॉर्डच्या आकड्यापेक्षा निम्म्याहून कमी, पण पहिल्या दिवसापासून मिळणारी.

कॉर्डवाले नाहीसे झालेले नाहीत. २०१८ पासून विकला जाणारा टॅप स्ट्रॅप हा पाच अंगठ्यांचा पट्टा आहे. कोणत्याही पृष्ठभागावर बोटे आपटायची, जोड्या पुन्हा त्याच ३१. शाळेत शिकवतात ती मराठी वर्णमाला ५२ वर्णांची, तेव्हा इथे पाच बोटांचे गणित कोलमडते. तरी मराठी कॉर्डने लिहिणारे लोक आपल्याकडे सत्तर वर्षांपासून आहेत आणि या इतिहासात त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९५१ मध्ये स्वीकारलेली भारती ब्रेल सहा ठिपक्यांची, म्हणजे ६३ जोड्यांची आहे. ब्रेलरवर, म्हणजे ब्रेल लिहायच्या यंत्रावर, सहा कळांपैकी लागतील त्या एकदम दाबून एक चिन्ह उमटते. तिथे स्वर आणि त्याची मात्रा यांना वेगळी चिन्हे नाहीत, जोडाक्षरासाठी हलंताचे एक चिन्ह पुरते, म्हणून देवनागरीचा सारा पसारा ६३ मध्ये बसतो. पाच अंगठ्यांवर हे करायचे तर सहाव्या ठिपक्यासाठी दुसरा हात गुंतवावा लागेल किंवा एक अक्षर दोन ठोक्यांत पाडावे लागेल. ट्विडलरवर ती अडचण नाही. चारही बोटांनी आपापल्या तीन कळांपैकी एक दाबायची किंवा एकही नाही, असे धरले तर २५५ जोड्या होतात. मग तिथेही पहिला झगडा वाटणीचाच होईल: क, ख, ग, घ अशा ओळीने जायचे, की काना, र, त यांसारखी सतत लागणारी चिन्हे आधी सोप्या कळांवर बसवायची.