बधिर पाय आणि आपली मज्जासंस्था : नवी चप्पल घेण्याआधी वाचा

चप्पल पायात घालून दोन पावलं टाकली की दुकानदार विचारतो, "चावत नाही ना?" बहुतेकांसाठी एवढा प्रश्न पुरतो. ज्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे किंवा ज्यांना कधीकाळी कुष्ठरोग होऊन गेला आहे, त्यांच्या बाबतीत मात्र तो पुरत नाही. पट्टा कातडीत रुतलेला आम्हा चप्पल बनवणाऱ्यांना समोर दिसत असतो आणि ग्राहक मनापासून सांगतात, "छान बसली." ते खोटं बोलत नसतात. रुतल्याची खबर त्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचलेलीच नसते. काही जण तर एक नंबर लहान मागतात, कारण घट्ट असली तरच पायात काहीतरी आहे असं त्यांना वाटतं.

म्हणून आमच्याकडे माप टेपने घेतो आणि चप्पल घातल्यावर पाय डोळ्यांनी तपासतो. असं का करावं लागतं ते कळलं, तर घरी काळजी घेणंही सोपं जाईल.

तळव्यापासून मेंदूपर्यंत

मज्जासंस्थेचे ढोबळ दोन भाग. कवटीतला मेंदू आणि पाठीच्या कण्यातून उतरणारा मज्जारज्जू हा मध्यवर्ती भाग, आणि तिथून निघून अंगभर पसरलेल्या नसा हा दुसरा. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो आणि त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. मज्जारज्जू जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच तो संपतो. मेंदूतून नसांच्या १२ जोड्या निघतात, मज्जारज्जूतून ३१. पायाला येणाऱ्या नसा या ३१ पैकी खालच्या, कमरेकडच्या जोड्यांपासून तयार होतात.

पायाच्या अंगठ्याच्या टोकाला झालेला स्पर्श कळवणारी चेतापेशी घ्या. तिचा मुख्य भाग पाठीच्या कण्यालगत असतो. तिचा तंतू तिथून निघून नितंबातून, मांडीच्या मागून, पोटरीतून, घोट्याच्या आतल्या बाजूने वळून तळव्यात येतो. एकच पेशी, पण लांबी जवळपास एक मीटर. जाडी केसाहून कितीतरी कमी. तंतूला लागणारी प्रथिनं आणि दुरुस्तीचं बरंचसं सामान कण्याजवळच्या त्या मुख्य भागात तयार होतं आणि तिथून थेट बोटापर्यंत पोहोचवावं लागतं. पायाचं दुखणं समजून घ्यायला ही लांबी लक्षात ठेवा.

सगळे तंतू एका वेगाने काम करत नाहीत. काहींवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं. स्पर्श आणि दाब कळवणारे असे तंतू सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने संदेश नेतात. ठणका आणि उष्णता कळवणाऱ्या बारीक तंतूंवर हे वेष्टन नसतं. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. उंबऱ्याला अंगठा ठेचकाळला की आपटल्याचं लगेच कळतं आणि ठणका मागाहून सुरू होतो, त्याचं कारण हे.

काटा रुतला तर पाय उचलण्याचा निर्णय मेंदूसाठी थांबत नाही. मज्जारज्जू स्वतःच तो घेतो: रुतलेला पाय वर येतो, दुसरा ताठ होऊन अंगाचा भार पेलतो, आणि वेदना आपल्याला त्यानंतर जाणवते. बधिर पायात काटा रुतल्याचं मज्जारज्जूलाही कळत नाही. माणूस त्याच काट्यावर दिवसभर चालतो.

पायात तीन कामांचे तंतू

पहिले जाणिवेचे. स्पर्श, दाब, ऊन-गारवा, वेदना यांखेरीज पाय कुठे आहे आणि कसा वळला आहे, हेही ते कळवतात. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला ही माहिती सतत लागते. ती थांबली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो, आणि मग रात्री अंधारात उठताना किंवा तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. घरातल्या ज्येष्ठांचं असं होत असेल तर वयावर ढकलू नका.

दुसरे हालचालीचे. तळव्यातले लहान स्नायू दुबळे झाले की बोटं आत वाकतात आणि बोटांमागच्या हाडांच्या टोकांवर सगळा भार येतो. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या चपलांमध्ये नेमकी तीच जागा खोल गेलेली दिसते.

तिसरे आपल्या इच्छेबाहेरचे, घाम आणि रक्तवाहिन्या सांभाळणारे. ते निकामी झाले की तळव्याला घाम येत नाही, कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात आणि भेगांतून जंतू आत शिरतात.

नस कशाने बिघडते

मधुमेहात वाढलेली साखर तंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा करते. सर्वांत लांब तंतू आधी हरतात. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते, बधिरपणा मोज्याच्या आकारात वर सरकतो, आणि गुडघ्याच्या आसपास आला की हाताच्या बोटांनाही जाणवू लागतं. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. पुढे लोक सांगतात, "गादीवर चालल्यासारखं वाटतं." आग थांबली म्हणजे बरं झालं असं समजू नका, कित्येकदा दुखणं कळवणारा तंतूच गेलेला असतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि वर्षानुवर्षांची दारू यांनीही पाय बधिर होतात, त्यामुळे कारण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

कुष्ठरोगाची रीत वेगळी. त्याचे जंतू नसांतल्या, तंतूंना वेष्टन देणाऱ्या पेशींमध्येच घर करतात, तेही कातडीजवळच्या, थंड भागांतल्या नसांत. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस गेली तर पाऊल वर उचलत नाही. घोट्याच्या आत मागची गेली तर तळवा बधिर होतो. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि सहा महिने किंवा एका वर्षात रोग बरा होतो. नस बऱ्याच काळापासून निकामी झाली असेल, तर ती मात्र औषधाने परत येत नाही.

कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, ही समजूत आजही ऐकू येते. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी: चटके, टोचणं, घासणं, आणि झोपेत उंदरांनी कुरतडणंसुद्धा. हे कळल्यावर जखम टाळणं हाच इलाज ठरला, आणि चपलेला औषधाइतकं महत्त्व आलं. आज मधुमेहींसाठी आपण वापरतो ते मऊ सच्छिद्र रबर, म्हणजे एमसीआर, कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतूनच सर्वत्र गेलं.

आमची चप्पल अशी का

आतला थर एमसीआरचा. दोन बोटांत दाबला तर निम्मा दबला पाहिजे आणि सोडल्यावर पुन्हा वर आला पाहिजे. खालचा थर कडक, काटा आणि काच आत येऊ नये म्हणून. कुठेही खिळा मारत नाही. शिवण आणि चिकटवण एवढंच. टाचेमागे पट्टा असतोच, कारण बधिर पायातली चप्पल वाटेत निसटली तरी कळत नाही. माणूस घरी पोहोचतो तेव्हा एक पाय अनवाणी असतो. बोटांमधला अंगठा किंवा पट्टी आम्ही देत नाही. कोल्हापुरी चप्पल सुंदर असते, निरोगी पायाला शोभते. पण तिचा कडक तळ आणि अंगठा बधिर पायाला जखम करतात, आग्रह धरू नका.

"दवाखान्याची चप्पल" दिसू नये, अशी पुष्कळांची इच्छा असते. ती रास्त आहे. लोक चपलेवरून रोग ओळखतात या भीतीने चप्पल घरात पडून राहते आणि पाय जातो. म्हणून रंग, पट्ट्यांची ठेवण तुमच्या पसंतीची करून देतो, आतला थर तेवढा बदलत नाही.

नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला. काढल्यावर पाय नीट पाहा. लाल डाग वीस मिनिटांनंतरही राहिला तर ती घालणं थांबवा आणि आमच्याकडे आणा. सैल करून देऊ.

घरी

नसांचं काम आता डोळ्यांकडे आणि हातांकडे द्यायचं आहे. रोज संध्याकाळी तळवे पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरातल्या कुणाला तरी दाखवा. चप्पल किंवा बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा. खडा, सेफ्टी पिन, वर आलेली शिवण हाताला लागेल. आंघोळीचं पाणी पायाने पाहू नका, कोपराने पाहा. शेकोटी, गरम पाण्याची पिशवी, मोटारसायकलचा सायलेन्सर यांपासून पाय दूर ठेवा. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालायची असेल तर सकाळी लवकर जा आणि जाड मोजे घाला. भेगांना पाय धुऊन, टिपून खोबरेल तेल लावा, बोटांच्या बेचक्यात नको. कुरूप ब्लेडने कापू नका.

जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तळव्याची जाणीव तपासून घ्या. डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवतात. १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. डोळे मिटलेले असताना तेवढंही कळलं नाही, तर पायाचं रक्षण करणारी जाणीव गेली असं धरतात.

मापासाठी येताना

शक्यतो संध्याकाळी या. दिवसभरात पाय थोडा सुजतो. वापरातली जुनी चप्पल सोबत आणा, तिच्या झिजेवरून भार कुठे पडतो ते दिसतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल तर तीही आणा. उघडी जखम असेल तर आधी दवाखाना, नंतर माप. एमसीआर वापराने बसत जातं, म्हणून चप्पल वरून चांगली दिसली तरी सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा. आतला थर तेवढा बदलून मिळतो.