ब्रायटन (संसदीय मतदारसंघ)

ब्रायटन : समुद्रस्नानासाठी प्रसिद्धीस आलेल्या, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहराचा ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्समधील द्विसदस्यीय मतदारसंघ (१८३२–१९५०). लगतचे होव्ह त्यातच मोडत असे.

संसदेतील जागांची फेरवाटणी करणाऱ्या १८३२ च्या सुधारणा अधिनियमापूर्वी ब्रायटनला स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. ओसाड पडलेले ओल्ड सेरम हे जुने गाव मात्र दोन सभासद पाठवी. अधिनियमाच्या ‘क’ परिशिष्टात, म्हणजे नव्याने दोन सभासद मिळालेल्या ठिकाणांच्या यादीत, हे गाव आढळते. त्या यादीतील मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स ही शहरे उद्योगांवर वाढली, तर ब्रायटन हवापालटासाठी येणाऱ्यांवर आणि राजाश्रयावर. त्यामुळे त्याच्या समावेशाचा संबंध तेथील राजदरबाराच्या वास्तव्याशी जोडण्याचा मोह होतो. तथापि १८३१ मध्ये गावची वस्ती ४०,००० च्या वर गेली होती आणि हे कारण अधिक ग्राह्य वाटते. दरबाराचा मतदारांवर फारसा वचक नसावा, कारण पहिल्याच निवडणुकीत आयझॅक न्यूटन विग्नी व जॉर्ज फेथफुल हे दोघे जहाल सुधारणावादी निवडून आले.

भारताच्या दृष्टीने हेन्री फॉसेट यांची कारकीर्द (१८६५–७४) विशेष महत्त्वाची. १८५८ मध्ये शिकारीतील अपघाताने अंध झालेले फॉसेट केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १८६७ मध्ये तुर्की सुलतानाच्या सन्मानार्थ लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये (भारताचा कारभार पाहणारे ब्रिटिश सरकारी खाते) नृत्यसमारंभ झाला व त्याचा खर्च भारतीय तिजोरीवर टाकण्यात आला. फॉसेट यांनी त्यास कॉमन्समध्ये हरकत घेतली. पुढे भारतीय वित्तव्यवहाराचा पाठपुरावा त्यांनी इतक्या चिकाटीने केला, की त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणू लागले. १८७४ मध्ये ब्रायटनला पराभव झाल्यावर त्यांच्या निवडणूक खर्चासाठी भारतात वर्गणी जमवण्यात आली. त्याच वर्षी ते लंडनमधील हॅकनी मतदारसंघातून निवडून आले.

पुढील काळात हुजूर पक्षाचा जोर वाढला. १९०६ मध्ये दोन्ही जागा उदारमतवाद्यांकडे गेल्या, हा एक ठळक अपवाद. १९३१ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाच्या सर कूपर रॉसन यांना ७५,२०५, त्यांचे सहकारी जॉर्ज ट्रायन यांना ७४,९९३ आणि मजूर पक्षाच्या आघाडीच्या उमेदवाराला १२,९५२ मते पडली. रॉसन यांचे ६२,२५३ हे मताधिक्य ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकांतील उच्चांक मानले जाते. ही गणना मात्र जपून वाचावी लागते. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, ती एकाच उमेदवाराला देता येत नसत. आणि मताधिक्य पराभूतांतील पहिल्याशी तुलना करून काढत. रॉसन व ट्रायन यांच्यातील अंतर अवघे २१२ होते. शिवाय दोन जागांचा मतदारसंघ असल्याने मतदारही त्या प्रमाणात जास्त. म्हणून हा उच्चांक खरा असला, तरी एकसदस्यीय मतदारसंघांच्या आकड्यांशेजारी तो न मांडता वेगळा नोंदवणे उचित.

१९५० मध्ये ब्रायटन पॅव्हिलियन, ब्रायटन केम्पटाउन व होव्ह असे तीन मतदारसंघ झाले. केम्पटाउनमध्ये १९६४ साली मजूर पक्षाचे डेनिस हॉब्डन केवळ ७ मतांनी विजयी झाले. मजूर पक्षाला ससेक्स परगण्यात मिळालेली ही पहिली जागा. पॅव्हिलियन हे नाव चौथ्या जॉर्जसाठी जॉन नॅशने भारतीय धाटणीचे घुमट चढवलेल्या राजवाड्यावरून पडले. तेथून २०१० मध्ये कॅरोलाइन ल्यूकस या ग्रीन पक्षाच्या ब्रिटनमधील पहिल्या संसदसदस्य झाल्या. २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या शॅन बेरी निवडून आल्या.