आधी मोजणी, मग प्राणी: चिनी वर्षचक्राची पार्श्वभूमी

२०२६ च्या १७ फेब्रुवारीपासून चिनी पंचांगात घोड्याचं वर्ष धरतात. त्याआधीचं सापाचं, नंतरचं बकरीचं. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर ही माळ आपल्याकडे 'चिनी राशी' म्हणून ओळखली जाते. पण मेष-वृषभासारखे हे तारकासमूह नव्हेत. सूर्य-चंद्र यांच्यातून फिरत नाहीत. हे प्राणी म्हणजे मोजणीवर मागाहून चिकटवलेली नावं आहेत. मूळ आहे ती मोजणी, आणि हाती असलेल्या पुराव्यांवरून ती प्राण्यांपेक्षा हजारएक वर्षांनी जुनी आहे.

हनान प्रांतातल्या आन्यांगला शांग राजांची शेवटची राजधानी होती. तिथे सापडलेल्या बैलांच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवांच्या पोटाकडच्या कवचांवर देवाला लावलेले कौल कोरलेले आहेत. हे इसवी सनापूर्वी १२५० च्या सुमारापासूनचे. कौल कधी लावला तो दिवसही सोबत नोंदलेला असतो. दिवस सांगायची रीत अशी: दहा खुणांची एक मालिका, तिला 'खोडं' म्हणतात, आणि बारा खुणांची दुसरी, त्या 'फांद्या'. दोन्हींतली पहिली खूण मिळून पहिला दिवस, दुसरी मिळून दुसरा. दहाव्या दिवशी खोडं संपतात, म्हणून अकराव्या दिवशी पहिलं खोड आणि अकरावी फांदी अशी जोडी पडते. दोन्ही मालिका एकदमच पुढे सरकत असल्याने विषम खुणेची गाठ विषमाशीच पडते, आणि १२० ऐवजी ६० जोड्यांत फेरा पुरा होतो. साठही जोड्या ओळीने कोरलेलं एक हाड मिळालं आहे. त्यावर उंदीर नाही, बैल नाही, नुसत्या खुणा आहेत.

दिवसांचा हा फेरा वर्षांना लागला तो गुरू ग्रहामुळे. गुरूला आकाशाची प्रदक्षिणा करायला साधारण १२ वर्षं लागतात. म्हणून चिनी ज्योतिषांनी आकाशाचे बारा भाग पाडले आणि गुरू कुठल्या भागात आहे त्यावरून वर्ष सांगायला सुरुवात केली. फांद्यांचा क्रम मात्र गुरूच्या चालीच्या उलट होता, तेव्हा त्याला उलट दिशेने चालणारा एक काल्पनिक जोडीदार दिला. तोच थाय-स्वे, पुढे देव झालेला. खरी अडचण वेगळीच होती. गुरूचा फेरा १२ नव्हे, ११.८६ वर्षांचा. त्यामुळे सुमारे ८५ वर्षांत तो हिशेबाच्या एक अख्खा भाग पुढे निघून जातो. हान राजघराण्याच्या काळातल्या ल्यू शिन या ज्योतिषाने दर १४४ वर्षांनी एक भाग ओलांडायचा नियम बसवला, पण तोही अपुराच पडला. शेवटी इसवी सनाच्या पहिल्या शतकात गुरूचा नाद सोडून साठांचा फेरा सलग मोजणं सुरू झालं. तो आजतागायत तुटलेला नाही. आपल्याकडे तरी काय? नर्मदेच्या उत्तरेला गुरूच्या गतीप्रमाणे अधूनमधून एखादा संवत्सर क्षय धरतात, दक्षिणेला साठही संवत्सर ओळीने मोजतात.

प्राणी दिसतात ते एका लेखनिकाच्या थडग्यात. हूबे प्रांतातल्या युनमंगजवळ श्वेहूदी इथे १९७५ च्या अखेरीस छिन काळातली थडगी उघडली. त्यांतल्या ११ क्रमांकाच्या थडग्यात शी नावाचा, कायद्याचं काम पाहणारा एक स्थानिक अधिकारी इसवी सनापूर्वी २१७ च्या सुमारास पुरलेला होता. त्याच्यासोबत हजाराहून अधिक बांबूच्या पट्ट्या निघाल्या. त्यांत कायदे होते, चौकशीचे नमुने होते आणि कोणत्या दिवशी काय करावं, काय टाळावं हे सांगणारी 'दिवसांची पोथी' होती. या पोथीत चोर ओळखायचं एक प्रकरण आहे. चोरीचा दिवस ज्या फांदीचा, तिच्या प्राण्यावरून चोराचं वर्णन करायचं. उंदराच्या दिवशी चोरी झाली असेल तर चोराचं तोंड टोकदार, दाढी विरळ, हात काळे!

यादी मात्र आजची नाही. उंदीर, बैल, वाघ, ससा आणि डुक्कर आपापल्या जागी आहेत. पण घोड्याच्या जागी हरीण, बकरीच्या जागी घोडा, कुत्र्याच्या जागी म्हातारी मेंढी आहे. सापाच्या जागी नुसता 'किडा' आहे, आणि ड्रॅगनच्या फांदीपुढे प्राण्याचं नावच लिहिलेलं नाही. गान्सू प्रांतात फांगमाथान इथे १९८६ मध्ये मिळालेल्या पट्ट्यांतही असाच चोरशोध आहे, त्यातली यादी आजच्या यादीच्या बरीच जवळची. म्हणजे तोवर प्राणी पक्के बसलेले नव्हते, आणि इथे ते दिवसांना लावलेले होते, वर्षांना नव्हे.

आजच्या बाराही प्राण्यांची नोंद करणारा वांग छुंग (जन्म इसवी सन २७) हा त्यांची खिल्ली उडवणारा निघावा, ही गंमतच. 'लुनहंग' या ग्रंथात तो चिनी पंचतत्त्वांच्या (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) सिद्धांतावर तुटून पडतो. पाणी आगीला जिंकतं, उंदीर पाण्याचा आणि घोडा आगीचा, तर उंदीर घोड्यामागे लागलेला कुणी का पाहिला नाही? धातू लाकडावर मात करतो, तर धातूचा कोंबडा लाकडाच्या सशाला टोचत का नाही? या वादाच्या ओघात त्याने अकरा प्राणी एका प्रकरणात नोंदवले आणि ड्रॅगन दुसऱ्या. ज्योतिषाच्या इतिहासात असे टीकाकारच पुष्कळदा चांगले साक्षीदार ठरतात.

माणूस जन्मवर्षाच्या प्राण्याचा, ही समजूत घरात रुळल्याचा पुरावा एका आईच्या पत्रात आहे. उत्तर चौ राज्याचा सर्वेसर्वा युवन हू याची आई शत्रुराज्यात, उत्तर छीमध्ये, अडकून पडली होती. तिच्या ५६४ च्या सुमाराच्या पत्रात मुलांची ओळख अशी आहे: थोरला उंदराचा, मधला सशाचा, तू सापाचा. युवन हूचा जन्म ५१३ चा. त्यात बाराचे १२५ फेरे, म्हणजे १५०० वर्षं मिळवली की २०१३ येतं, आणि २०१३ सापाचंच वर्ष होतं. थांग काळात (६१८ ते ९०७) तर बारा मातीच्या मूर्ती थडग्यात ठेवत. त्यांच्या अंगात अधिकाऱ्याचा लांब झगा आणि धडावर प्राण्याचं डोकं असे. फांद्यांना दिशाही ठरलेल्या आहेत: उंदीर उत्तर, ससा पूर्व, घोडा दक्षिण, कोंबडा पश्चिम. दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भागही त्यांचेच. उंदराचा रात्री ११ ते १, घोड्याचा दुपारी ११ ते १.

स्वर्गाचा राजा जेड सम्राट याने शर्यत लावली आणि बैलाच्या पाठीवर बसून आलेला उंदीर पहिला आला, ही गोष्ट आज सगळीकडे सांगतात. मुलांसाठी ती झकास आहे. क्रमाचा उगम म्हणून तिला अर्थ नाही, कारण वरच्या एकाही जुन्या नोंदीत ती नाही. भारतातून गेलेल्या धर्मक्षेमाने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भाषेत आणलेल्या महासंनिपात या बौद्ध सूत्रातही बारा प्राणी आहेत. तिथे वाघाच्या जागी सिंह आहे.

आपला प्राणी काढायचा तर सनातून ४ वजा करा, १२ ने भागा आणि बाकी पाहा. ० म्हणजे उंदीर, १ बैल, असं मोजत ११ म्हणजे डुक्कर. २०२६ ची बाकी ६, म्हणून घोडा. तत्त्व सनाच्या शेवटच्या आकड्यावरून निघतं: ४-५ लाकूड, ६-७ अग्नी, ८-९ माती, ०-१ धातू, २-३ पाणी.

चुकतं ते जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांचं. नववर्ष हिवाळी अयनदिनानंतरच्या बहुधा दुसऱ्या अमावास्येला, २१ जानेवारी ते २१ फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. १९८४ मध्ये ते २ फेब्रुवारीला होतं. १ तारखेला जन्मलेला डुकराच्या वर्षातला आणि ३ तारखेला जन्मलेला उंदराचा. पण आठ अक्षरांची कुंडली (जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांच्या खोड-फांदीच्या चार जोड्या) मांडणारा ज्योतिषी वर्ष अमावास्येवरून धरत नाही. तो ते लीछुनपासून, म्हणजे सूर्य सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या) ३१५ अंशांवर येतो त्या ४ फेब्रुवारीच्या आसपासच्या क्षणापासून धरतो. त्याच्या लेखी ३ तारखेचा माणूसही डुकराचाच. दोन्ही उत्तरं आपापल्या पद्धतीने बरोबर आहेत. फक्त सन विचारून प्राणी सांगणारा तक्ता मात्र या दिवसांसाठी निरुपयोगी.

या दोन सीमा जुळत नाहीत, आणि त्यातूनच एक समजूत जन्मली. चिनी पंचांगातही अधिक महिना असतो, आपल्यासारखाच: ज्या चांद्रमासात बारांपैकी एकही मुख्य सौर टप्पा पडत नाही तो. फरक इतकाच, की आपला हिशेब निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने, आणि त्यांचा सायन. २०२५ च्या सापाच्या वर्षात सहावा महिना अधिक आल्याने वर्ष ३८४ दिवसांचं झालं आणि त्यात लीछुन दोनदा पडला. आधीच्या ड्रॅगनच्या वर्षात तो एकदाही नव्हता. अशा वर्षाला 'विधवा वर्ष' म्हणतात आणि त्यात लग्न टाळतात. चीनमध्ये २०२३ मध्ये नोंदलेली लग्नं सुमारे ७६.८ लाख होती, २०२४ मध्ये ६१ लाख. सगळं खापर लीछुनवर फोडता येत नाही, कारण २०२३ मध्ये कोविडमुळे लांबलेली लग्नंही उरकली गेली, आणि तसाही हा आकडा त्याआधी बरीच वर्षं घसरतच आला होता.

जपानचं उदाहरण जास्त स्वच्छ. अग्नी-घोड्याच्या वर्षी जन्मलेली बाई नवऱ्याच्या मुळावर येते, या समजुतीमुळे १९६६ मध्ये तिथे १३.६ लाख मुलं जन्मली. आदल्या वर्षी १८.२ लाख, पुढच्या वर्षी १९.४ लाख. तिथे प्राणी १ जानेवारीलाच बदलतो, कारण १८७३ पासून जपानने नवी दिनदर्शिका घेतली.

बाहेरच्यांचा आणखी एक घोटाळा म्हणजे स्वतःच्या प्राण्याचं वर्ष शुभ मानणं. चीनमध्ये उलट आहे. त्या वर्षी माणूस थाय-स्वेच्या वाटेत येतो, म्हणून लाल पट्टा, लाल मोजे, लाल अंतर्वस्त्रं वापरतात. बीजिंगच्या पाययुनग्वान या ताओ मंदिरात साठ वर्षांच्या साठ थाय-स्वेंचं दालन आहे, तिथे आपल्या जन्मवर्षाच्या देवासमोर हात जोडायचे. लग्न जुळवताना सहा वर्षांचं अंतर वाईट समजतात: उंदीर-घोडा, बैल-बकरी, वाघ-माकड, ससा-कोंबडा, ड्रॅगन-कुत्रा, साप-डुक्कर. चार वर्षांचं अंतर चांगलं.

शेजारी देशांत माळ थोडी बदलते. व्हिएतनाममध्ये सशाऐवजी मांजर आणि बैलाऐवजी म्हैस, जपानमध्ये डुकराऐवजी रानडुक्कर. तिबेटमध्ये मात्र चिनी प्राणी आणि भारतीय संवत्सर एकत्र येतात. कालचक्र या बौद्ध तंत्रपरंपरेसोबत गेलेला साठ वर्षांचा फेरा तिबेटी लोक १०२७ पासून मोजतात. त्याचं पहिलं वर्ष अग्नी-सशाचं, म्हणजेच प्रभव. सतरावा फेरा १९८७ ला सुरू झाला, आणि मराठी पंचांगातही १९८७ च्या गुढीपाडव्याला प्रभवच लागला होता. चिनी फेरा मात्र लाकूड-उंदरापासून, १९८४ पासून मोजतात. म्हणून शके १९४८ चा पराभव संवत्सर प्रभवापासून ४० वा, तर अग्नी-घोडा चिनी फेऱ्यात ४३ वा.