१९९ फुटांचा टॉवर आणि पायाखालची माती

मोबाइल टॉवरमुळे वन्यजीवांवर काय परिणाम होतो, याविषयी २०११ मध्ये केंद्र सरकारला सादर झालेल्या अहवालात एक शिफारस आहे. नवा टॉवर उभारावाच लागला तर तो १९९ फुटांच्या आत ठेवा. दोनशे नाही, एकशे नव्व्याण्णव. चपलांच्या दुकानातल्या किमतीसारखा वाटणारा हा आकडा आला कुठून, हे त्यानंतरच्या चर्चांमध्ये फारसं कुणी विचारलं नाही. आकडा का पाळायचा हेच माहीत नसेल तर तो पाळण्यात अर्थ उरत नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

देशात मोबाइल १९९५ मध्ये आला. पुढची पंधरा वर्षं टॉवर उभे राहिले ते जागामालकाचं भाडं, पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची एनओसी आणि दूरसंचार खात्याची जागेला मंजुरी एवढ्यावर. पक्षी, प्राणी, जमिनीखालचं काही, यांचा त्या कागदांत उल्लेख नसे. २०१० मध्ये हवा बदलली. नाशिकहून सुरू झालेला चिमणी दिन त्या वर्षी पहिल्यांदा साजरा झाला आणि ‘चिमण्या टॉवरमुळे गेल्या’ हे वाक्य घरोघरी पोहोचलं. त्याच वर्षी चंदीगडमधल्या संशोधकांचा मधमाश्यांवरचा प्रयोग गाजला. त्यात फोन थेट पोळ्याच्या पेटीतच ठेवले होते. बातम्यांत मात्र ते ‘टॉवरमुळे मधमाश्या मरतात’ असं होऊन आलं. पेटीत ठेवलेला फोन आणि शेताच्या बांधावरचा टॉवर यांतलं अंतर बातमीला परवडत नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रात दोन समित्या नेमल्या गेल्या. एक दूरसंचार खात्याकडची, माणसांच्या आरोग्याकडे पाहणारी. दुसरी पर्यावरण खात्याची, पक्षी आणि मधमाश्यांसह वन्यजीवांसाठी. दुसरीचं अध्यक्षपद मुंबईतल्या एका जुन्या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या तेव्हाच्या संचालकांकडे होतं. समितीने नऊशेहून अधिक शोधनिबंध गोळा केले. त्यातले बहुतेक माणसांवरचे. पक्ष्यांवरचे जेमतेम तीसेक आणि मधमाश्यांवरचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. भारतातलं काम त्याहून तोकडं. अशा तुटपुंज्या सामग्रीवर शिफारशी लिहायच्या तर बाहेरच्या देशांचे कागद चाळणं ओघानेच आलं, आणि १९९ फूट तिथूनच आले.

तो आकडा अमेरिकेचा. तिथे जमिनीपासून दोनशे फुटांपेक्षा उंच बांधकामाला विमानांसाठी धोक्याचे दिवे लावावे लागतात. त्यापेक्षा ठेंगण्या टॉवरला, आसपास विमानतळ नसेल तर, सहसा दिवा लागत नाही. आता पक्ष्यांचा याच्याशी संबंध काय? छोटे गाणारे पक्षी स्थलांतर करतात ते रात्री. आभाळ स्वच्छ असेल तर ते उंचावरून निघून जातात. ढग खाली आले, धुकं पडलं, की तारे दिसेनासे होतात आणि टॉवरवरच्या स्थिर लाल दिव्याभोवती उजेडाचं एक वर्तुळ तयार होतं. पक्षी त्यात शिरतो तो बाहेरच्या काळोखात जायला तयार होत नाही. मग घिरट्या. उंच, सडपातळ टॉवरला चारी बाजूंनी ताणाच्या तारा बांधलेल्या असतात. त्या तारांवर, टॉवरवर आणि एकमेकांवर आपटून पक्षी पडतात, काही नुसत्या दमणुकीने. जानेवारी १९९८ मध्ये कॅन्सस राज्यात बर्फाळ, धुक्याच्या रात्री सुमारे ४२० फुटी टॉवरच्या परिसरात पाच ते दहा हजार पक्षी मरून पडले. दोन वर्षांनी, २००० मध्ये, अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव खात्याने टॉवरबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. शक्यतो आहे त्याच टॉवरवर जागा घ्या, नवा बांधायचाच तर १९९ फुटांच्या आत, ताणाच्या तारांशिवाय आणि शक्य असेल तर दिव्याविना. म्हणजे १९९ ही पक्ष्याने मान्य केलेली उंची नव्हे. दिव्याचा नियम चुकवण्यासाठी काढलेला तो एक फूट आहे.

आपल्याकडे आकडा आला, त्यामागचं कारण वाटेत गळालं. गावाकडचा नेहमीचा टॉवर चाळीसेक मीटरचा, म्हणजे १३० फुटांच्या आसपास. चार पायांचा, जाळीदार, ताणाच्या तारांशिवाय. तो १९९ च्या आत आहेच, मुद्दाम काही करावं लागत नाही. पण रात्री त्याच्याकडे पाहा. डोक्यावर लाल दिवा असतो. शहरात चार मजली इमारतीच्या गच्चीवर रोवलेल्या पंधरा मीटरच्या खांबावरही तो असतो, आणि ताणाच्या ताराही नेमक्या गच्चीवरच्या खांबांनाच असतात. ज्या शिफारशीचा जीव दिव्यात होता, ती उंची पाळून आणि दिवा लावून तंतोतंत पूर्ण होते. अहवालात जमिनीवरच्या दिव्यांचा उजेड खाली वळवा, आडोसा करा असंही होतं. टॉवरच्या कुंपणातल्या फ्लडलाइटकडे पाहिलं की ती ओळ कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

चर्चा अडकली रेडिएशनवर. ऑगस्ट २०१२ मध्ये पर्यावरण खात्याने अहवालाच्या आधारे सल्ला काढला. सल्लाच, नियम नव्हे. त्यातली सर्वांत गाजलेली ओळ अशी की असलेल्या टॉवरपासून एक किलोमीटरच्या आत नवा टॉवर होऊ देऊ नये. शेजारच्याच ओळीत टॉवर वाटून वापरा. दोन्ही सल्ले एकेकटे पटतात, एकत्र ठेवले की कुरकुरतात. एकाच टॉवरवर चार कंपन्यांचे अँटेना आले तर टॉवर कमी होतात, पण त्या एका जागचं रेडिएशन वाढतं, आणि सल्ल्याला तर तेही नको होतं. टॉवर लांब लांब ठेवले की प्रत्येकाला जास्त ताकदीने बोलावं लागतं, हातातल्या फोनलाही. मोबाइलचं जाळंच मुळी छोट्या छोट्या घरांत विभागलेलं असतं. दाट वस्तीत टॉवर जवळ आणि कमी ताकदीचे, हेच त्याचं गणित. एक किलोमीटरची ओळ शहरांत कागदावरच राहिली यात नवल नाही. ती पाळण्यासारखी होती माळावर, पाणथळीकाठी, अभयारण्याच्या सीमेवर. तिथे ती पाळली जाते का हे बघणारं वेगळं कुणी नेमलं गेलं नाही.

लगेच १ सप्टेंबर २०१२ पासून रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. ती माणसांसाठी होती, तरी पक्ष्यांचा प्रश्नही त्यातच मिटला असं धरलं गेलं. माझं मत विचाराल तर रेडिएशनने पक्षी मरतात याचा पुरावा तेव्हाही विरळ होता, दिव्याचा भक्कम. मिशिगनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थिर दिवे काढून फक्त उघडझाप करणारे ठेवले तेव्हा मरणारे पक्षी निम्म्याहून कमी झाले. २०१५ च्या शेवटी अमेरिकेने दिव्यांचे निकषच त्यानुसार बदलले. पक्षीही वाचतात आणि वीजही, असा दुर्मीळ सौदा. आपल्याकडे त्यावर चार ओळींचं परिपत्रक निघालं असतं तरी पुरे होतं.

अमेरिकेचा पक्ष्यांचा कागद आपण उचलला. त्याच फायलीत मातीचाही एक कागद होता, तो राहून गेला. तिथल्या १९६६ च्या वारसा कायद्यानुसार केंद्राच्या परवान्याने होणाऱ्या कामाआधी वारशावर काय परिणाम होईल ते तपासावं लागतं. टॉवरचं बांधकाम या कक्षेत येतं असं धरून २००४ मध्ये देशभरासाठी एक करार झाला. त्यात मूळ रहिवासी जमातींना आधी कळवणं आलं, आणि जमीन किती खोल खणणार याचा हिशेब आला. जागा पूर्वीच, आताच्या खोदकामापेक्षा किमान दोन फूट अधिक खोल, खणली गेलेली असेल तर पुरातत्त्वीय पाहणीतून सूट मिळते. कंपन्यांना हे जड जात होतं. २०१८ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने फाइव्ह-जीच्या छोट्या खांबांना या तपासणीतून बाहेर काढलं. जमाती न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती सूट रद्द झाली. आदर्श व्यवस्था म्हणून हे सांगत नाही. जमातींनी मागितलेल्या शुल्कावरून तिथे बरीच खडाखडी झाली. पण किती फूट खणणार, हा प्रश्न तिथे विचारला जातो.

आपल्याकडे वारशाचा कायदा स्मारकाभोवती फिरतो. १९५८ चा कायदा, १९९२ ची अधिसूचना आणि २०१० ची दुरुस्ती मिळून जे झालं ते सर्वांना पाठ आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित. टॉवरवाल्यांसाठी गुंता ‘बांधकाम’ या शब्दात आहे. व्याख्येत उभी-आडवी कुठलीही वाढ बांधकाम ठरते, म्हणजे लेण्यांजवळच्या जुन्या घराच्या गच्चीवरचा खांबही. पण त्याच व्याख्येतून गटारं, शौचालयं, पाणीपुरवठा, वीजपुरवठा आणि जनतेसाठीच्या ‘तशाच सोयी’ वगळल्या आहेत. मोबाइल ही तशीच सोय का? विजेचा खांब चालतो तर हा का नको, असा युक्तिवाद सहज करता येतो. आणि त्याच कायद्यात पुढे प्रतिबंधित हद्दीत सार्वजनिक कामालाही परवानगी द्यायची नाही असं बजावलेलं आहे, हे उत्तरही तितकंच सहज देता येतं.

हा सगळा वाद यादीतल्या स्मारकांपुरता. केंद्राच्या यादीत देशभरात ३,७०० च्या आत-बाहेर स्मारकं आहेत. बाकीच्या जमिनीखाली काही निघालं तर हाताशी येतो तो १८७८ चा निखात निधीचा कायदा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा, असं तो सांगतो. कायदा धनाच्या हंड्याचा विचार करतो. खापराला दहा रुपये कोण देणार?

आणि टॉवर नेमका खापरांवरच जाऊन उभा राहतो. गावात काळी आणि पांढरी असते, हे वेगळं सांगायला नको. काळी शेतीची, पांढरी वस्तीची. शेकडो वर्षांच्या राखेने, शेणाने, पडक्या भिंतींच्या मातीने वस्तीची जागा उंच होत जाते. मराठवाड्या-खानदेशात धाब्याच्या घरांच्या सपाट छतावर टाकायला आणि शेतात खत म्हणून लोक ही माती गाड्या भरून नेतात. पुष्कळ जुनी स्थळं त्या गाड्यांतूनच संपली. सिग्नलला उंच जागा हवी, आणि सपाट मुलखात गावाजवळची उंच जागा बहुधा हीच, नाहीतर गढी. पीकही येत नाही, त्यामुळे भाड्याने द्यायला मालक खूश. जेसीबी चार पायांसाठी चार खड्डे घेतो. अशा खड्ड्याच्या भिंतीकडे पाहिलं की एकावर एक थर दिसतात. वर भुसभुशीत राखी, मध्ये तांबूस भाजकी माती, खाली कोळशाची काळी रेघ, आणि मधूनच बाहेर डोकावणारा खापराचा काठ. खणणारा त्याला ‘जुनं काहीतरी’ म्हणतो आणि पुढे जातो.

घोडनदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं झाली. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी मेलेली लेकरं मडक्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरली होती. दायमाबादची ब्राँझची शिल्पं १९७४ मध्ये एका स्थानिक माणसाला झुडपाच्या मुळाशी खोदताना सापडली. म्हणजे एवढा मोठा ठेवाही मुळाच्या खोलीवरच होता.

कोकणात गोष्ट आणखी अवघड होते, कारण तिथे जनावर आणि वारसा एकाच कातळावर आहेत. रत्नागिरी-राजापूरचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, उंच, उघडे, बिनपिकाचे. टॉवरसाठी याहून बरी जागा नाही. त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी, गोव्याकडची, अशी काही २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पुष्कळ शिल्पं बोटभर मातीखाली आणि गवताखाली होती, लोकांनी झाडून काढली तेव्हा दिसली. म्हणजे जिथे झाडलं नाही तिथे काय आहे, ते सड्यालाच ठाऊक. टिटवी अंडी घालते तीही तिथेच, उघड्या कातळावर चार खडे गोळा करून. टॉवरचा पाया एका गुंठ्यात मावतो. त्याच्याकडे जाणारा ट्रकचा रस्ता, जनरेटरचा ओटा आणि भरावासाठी शेजारीच उकरलेला जांभा हे गुंठ्यात धरले जात नाहीत.

जंगलाचं थोडक्यात. १९७२ चा वन्यजीव आणि १९८० चा वनसंवर्धन, या दोन कायद्यांमुळे अभयारण्यात किंवा वनजमिनीवर टॉवर लावणं वेळखाऊ राहिलं, आणि मेळघाटातल्या माणसाला अॅम्ब्युलन्स बोलावण्यासाठी टेकडीवर चढून रेंज शोधावी लागली, ही तक्रार खोटी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावासाठी एक हेक्टरच्या आतल्या सोयींना वाट करून दिली. त्या यादीत ‘वीज आणि दूरसंचार लाइन’ आहे. लाइनमध्ये टॉवर धरायचा की नाही, यावर फाइली फिरल्या. जुलै २०२२ मध्ये रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली. त्यातली बरीच गावं डोंगराळ आणि जंगलातली. वेग आता तिथे आहे.

टॉवर आणि केबलसाठी जागा वापरायची परवानगी कशी मिळते ते ठरवणारे मार्गाधिकाराचे नियम २०१६ मध्ये आले. नव्या दूरसंचार कायद्याखालचे, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले नियम त्यांच्या जागी आले. २०१६ च्या नियमांत टॉवरच्या अर्जासोबत द्यायचे तपशील मोजून दिले होते. अक्षांश-रेखांश, जागेचं क्षेत्र, आराखडा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, कामाला लागणारे दिवस, जनतेची होणारी गैरसोय आणि तिच्यावरचा उपाय. खड्डा किती खोल आणि त्यातून काय निघालं, याला त्यात रकाना नव्हता. खड्ड्याचा फोटो मात्र ठेकेदार काढतोच, बिलासाठी, शेजारी टेप धरून. खापराचे काठ त्या फोटोंतही दिसतात.