सात वाजताचा भोंगा आणि मुलांचा मोबाइल

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली, पुढे वर्ग उघडले तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, म्हणून गावाने हा उपाय काढला. बायकांनी विषय काढला तेव्हा पुरुषमंडळींनी तो आधी हसण्यावारी नेला होता.

बातम्यांमध्ये भोंग्याचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मोबाइल फक्त पोरांचे बंद झाले नाहीत. आजीची मालिका आणि बाबांचं व्हॉट्सॲपही त्याच दीड तासात थांबलं. म्हणजे मुलांपुढे बोलायला, अभ्यास विचारायला, निदान भांडायला तरी माणसं मोकळी झाली. मुलांच्या स्क्रीनवर गेल्या वीसेक वर्षांत जे संशोधन झालं, त्यातला बराच भाग याच मुद्द्यापाशी येऊन थांबतो.

पालकांचा ठरलेला प्रश्न असतो, ‘किती तास चालेल?’ त्याला उत्तर आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच (घरच्यांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल), दोन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी. लहान मुलांसाठी ही मर्यादा उपयोगी आहे. पण मूल मोठं होत जातं तसं नुसते तास मोजून फारसं कळत नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के डिजिटल वापराशी जोडता आला. त्याच आकडेवारीत नियमित बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला! यावरून मोबाइल निरुपद्रवी ठरत नाही. सरासरीत रात्री दोनपर्यंत रील पाहणारी मुलगी आणि तेवढाच वेळ बुद्धिबळाचे डाव अभ्यासणारा मुलगा एकाच रांगेत बसतात, एवढाच त्याचा अर्थ.

मग पाहायचं काय? त्यासाठी अगदी तान्ह्या मुलांकडे जावं लागेल.

अमेरिकेतल्या सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांसमोर चिनी भाषिक बाई बसून गोष्टी वाचायच्या, खेळणी दाखवायच्या. अशी १२ सत्रं झाली. दुसऱ्या गटाला त्याच बायका, तीच गोष्ट, पण टीव्हीवर. पहिल्या गटातली बाळं चिनी भाषेतले बारीक उच्चारभेद तैवानच्या बाळांइतके ओळखू लागली. टीव्हीवाला गट जिथल्या तिथे. चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांपेक्षा त्यांना काडीचंही जास्त कळत नव्हतं. आवाज तोच, चेहरा तोच. फरक इतकाच, की बाळाने बोट दाखवलं तर टीव्हीतली बाई तिकडे बघत नाही.

पुढे २०१४ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर याचा दुसरा भाग तपासला गेला. व्हिडिओ कॉलवर समोरची व्यक्ती मुलाला उत्तर देत असेल, तर मुलं नवी क्रियापदं प्रत्यक्ष भेटीइतकीच शिकली. तोच संवाद रेकॉर्ड करून दुसऱ्या मुलांना दाखवला तेव्हा ती शिकली नाहीत. न्यू जर्सीतली नात साताऱ्याच्या आजीशी रविवारी फोनवर ‘भुर्र’ करते, तेव्हा ती स्क्रीनवर वेळ घालवत नसून आजीबरोबर घालवते आहे. पालकांनी तिथे घड्याळ लावू नये.

उलट, कोणी बघत नसतानाही चालू राहणारा टीव्ही आपण हिशेबातच धरत नाही. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात लहान मुलांच्या अंगावर आवाज टिपणारी छोटी यंत्रं दिली होती. टीव्हीच्या ऐकू येणाऱ्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० ने घटलेले आढळले. घरातला माणूस घरातच असतो, पण बोलत नाही.

आता जेवण. फोन समोर धरला की आ वासला जातो, घास जातो, ताट संपतं. पण पोट भरल्याची आतली खूण ओळखायला मूल याच वयात शिकतं, आणि लक्ष कार्टूनमध्ये असलं की ती खूण हुकते. रडणं थांबवायला फोन देण्याचंही तसंच. मिशिगनमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा सहा महिने मागोवा घेतला, तेव्हा शांत करायला वारंवार फोन मिळणारी मुलं, विशेषतः मुलगे, पुढे लवकर बिथरणारी दिसली. चिडक्या मुलाला फोन जास्त मिळतो हेही खरं, त्यामुळे दोष एकट्या फोनचा नाही. चक्र दोन्हीकडून फिरतं. लांबच्या एसटी प्रवासात एखादा व्हिडिओ लावल्याने काही बिघडत नाही. प्रत्येक रडण्यावर तोच उपाय असेल तर मात्र मुलाला दुसरा सापडतच नाही.

झोपेबाबत फोनच्या निळ्या उजेडाची भीती जरा वाढवून सांगितली जाते. प्रखर उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, दबतं आणि लहान मुलांत जास्तच, हे खरं आहे. पण फोनचा उजेड त्या प्रयोगांतल्या दिव्यांच्या मानाने मंद असतो. झोप खरी खातो तो आपोआप सुरू होणारा पुढचा भाग. फोनचा पडदा पिवळसर करून रात्री अकरापर्यंत पाहण्यापेक्षा ती ‘ऑटोप्ले’ची कळ बंद करणं आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणं जास्त कामाचं.

डोळ्यांची गोष्ट सगळ्यात अनपेक्षित. २००८ मध्ये सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना झाली. लांबचं धूसर दिसण्याचा दोष (मायोपिया) सिंगापुरात २९ टक्के मुलांना, सिडनीत ३ टक्क्यांना. सिडनीतली मुलं उलट पुस्तकं जास्त वाचत होती. पण ती आठवड्याला जवळपास १४ तास घराबाहेर असत, सिंगापूरची मुलं तीनच तास. बाहेरच्या प्रखर उजेडाने दृष्टिपटलात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि त्याने नेत्रगोलाचं लांबट होणं रोखलं जातं, असं मानतात. घरातला उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं माप), बाहेर सावलीतही हजारोंनी. चीनमधल्या ग्वांगझूत मग पहिलीच्या वर्गांना रोज ४० मिनिटं मैदानावर जादा काढायला लावली. तीन वर्षांनी तिथे ३० टक्के मुलांना नव्याने हा दोष आला होता, नेहमीच्या शाळांत जवळपास ४० टक्के.

तेव्हा पुढच्या पालकसभेत मोबाइलबंदीचा विषय निघाला, की मधली सुट्टी किती मिनिटांची आहे आणि त्यात मुलांना वर्गाबाहेर सोडतात का, हेही विचारून घ्यावं.