गर्भपात कायदेशीर, लिंगनिदान बेकायदेशीर

"गर्भपात म्हणजे गुन्हाच ना?" चांगली शिकलेली माणसंही असं विचारतात. याचं कारण, दोन कायद्यांची डोक्यात खिचडी झालेली असते.

पहिला कायदा १९७१ चा, गर्भपाताला परवानगी देणारा; दवाखान्याच्या भाषेत 'एमटीपी'. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारातून दिवस गेलेल्या, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा झालेल्या अशा काही जणींना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. २० आठवड्यांपर्यंत 'गर्भनिरोधक फसलं' हेही कारण चालतं.

दुसरा १९९४ चा, लिंगनिदानावर बंदी घालणारा 'पीसीपीएनडीटी'. याचा रोख सोनोग्राफीच्या टेबलावर आहे: मुलगा की मुलगी हे बघायचं नाही, सांगायचं नाही. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्येच केला होता. 'मुलगी आहे म्हणून' हे कारण एमटीपीत बसत नाही. दोन्ही कायद्यांची गाठ पडते ती एवढ्याच जागी.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या. संताप रास्तच होता, पण त्याचा फटका गर्भपाताच्या गोळ्यांनाही बसला. औषध प्रशासनाने तपासण्या कडक केल्या, आणि नसती झंझट नको म्हणून अनेक दुकानदारांनी गोळ्या ठेवणंच सोडलं. आता हिशेब बघा. या गोळ्या द्यायच्या त्या नवव्या आठवड्यापर्यंत, आणि सोनोग्राफीत लिंग कळतं ते साधारण बाराव्या आठवड्यानंतर. ज्या वेळी मुलगा की मुलगी हे दिसतच नाही, तेव्हाच्या औषधावर लिंगनिदानाचा राग काढून मुली कशा वाचणार?

पैसेवालीला याचा फारसा त्रास नाही. ओळखीची गायनॅक असते, बंद दाराआड काम होतं. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तसं नाही. ऊसतोडीच्या कामाचा एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे मजुरी बुडालीच, वर दंड. त्यात सरकारी दवाखाना लांब. पहिल्या खेपेला सोनोग्राफी करून या, दुसऱ्या खेपेला डॉक्टर रजेवर, तिसऱ्या खेपेला नवऱ्याला घेऊन या. तोवर चौथा महिना लागतो. पदरात आधीच्या दोन मुली असतील तर डॉक्टर तिच्याकडे संशयाने बघतो आणि "जिल्ह्याला जा" म्हणतो. कायद्याने तिला २० आठवडे दिलेले असतात. ते हेलपाट्यांत आणि खाड्यांत जातात. मग कुणीतरी गावात चोरून गर्भपात करणाऱ्या बाईचं नाव सुचवतं, किंवा बिनचिठ्ठीची गोळी मिळते, किती आणि कशी घ्यायची हे न सांगता.

त्या तिसऱ्या खेपेबद्दल एक सांगून ठेवतो. एमटीपी कायद्यात नवऱ्याची सही कुठेही मागितलेली नाही. बाई १८ वर्षांची असेल आणि मानसिक आजारी नसेल, तर संमती फक्त तिचीच लागते.