सातारचा 'स', फलटणचा 'फ'

फोनवर आडनाव सांगताना आपण सहज म्हणतो, "सातारचा स हं, फलटणचा फ नव्हे." समोरासमोर असा खुलासा करावा लागत नाही. फोनवर मात्र रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या असतानाही लागतो.

याचं मूळ तारेच्या टेलिफोनात आहे. आवाजातला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवायचा, असं तेव्हा ठरलं. स्वर त्यात नीट ऐकू येतात. 'स' हा मात्र निव्वळ हवेचा सूत्कार, त्याचा जोर ४००० हर्ट्झच्या वर. तोच छाटला गेला की 'स' आणि 'फ' जुळे भाऊ वाटू लागतात. 'चमचा'तल्या दंत्य 'च'चीही तीच गत.

हा अरुंद पट्टासुद्धा जसाच्या तसा पाठवायला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. मोबाइलच्या मर्यादित रेडिओलहरींना ते परवडणारं नव्हतं. इथे कानपूरला जन्मलेल्या, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेल्या बिष्णू अटल यांचं काम आठवायलाच हवं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी आणि मान्फ्रेड श्रोडर यांनी १९८५ मध्ये एक पद्धत मांडली. आवाज पाठवूच नका, त्याची कृती पाठवा! घसा आणि तोंड ही एक नळी मानायची, तिचा त्या क्षणीचा आकार मोजायचा, आणि तिला घुमवणारा झोत एका ठरीव संग्रहातून निवडायचा. संग्रहातला प्रत्येक नमुना वाजवून पाहायचा, मूळ आवाजाशी सर्वांत जुळेल त्याचा फक्त क्रमांक धाडायचा. तेव्हाच्या क्रे-१ महासंगणकाला एका सेकंदाच्या बोलण्यासाठी दोन मिनिटांहून जास्त वेळ लागायचा. आज याच कल्पनेची सुधारलेली रूपं आपला फोन बोलता बोलता चालवतो, २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा घेऊन.

याच वाटेने पुढे पट्टाही रुंदावला. 'एचडी व्हॉइस' म्हणजे ५० ते ७००० हर्ट्झ, आणि तेही सेकंदाला तेरा किलोबिटच्या आत भागतं. 'स' परत आला तो इथे. अट एकच: दोन्ही फोन आणि मधलं सगळं नेटवर्क त्या तोडीचं हवं. एक कडी जुनी निघाली, तर अख्खा कॉल अरुंद पट्ट्यावर उतरतो.

व्होल्टी कॉलमध्ये, म्हणजे ४जी नेटवर्कवरून होणाऱ्या कॉलमध्ये, आवाज इंटरनेटसारखा पुडक्यांतून जातो. पुडकी मागेपुढे पोहोचतात, म्हणून फोन ती क्षणभर थोपवून धरतो. फार थोपवली तर दोघं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असलेला बरा. कमी थोपवली तर उशिरा आलेलं पुडकं टाकून द्यावं लागतं, आणि "आवाज तुटतोय" म्हणतो ते बरेचदा हेच.

घरात रेंज पोचत नसेल आणि वायफाय चांगलं असेल, तर सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून पाहा. जाड भिंतींच्या जुन्या घरांत त्याने खरोखर फरक पडतो.